वाचक विचारतात: डब्लिनची ३ कोटी २० लाखांची अट, रायनएअरची स्वस्त तिकिटं आणि शॅननचं दुखणं

मागच्या अंकात आयर्लंडच्या विमानसेवेबद्दल एक छोटी नोंद दिली होती, की डब्लिन विमानतळावर वर्षाला ३ कोटी २० लाख प्रवाशांचीच परवानगी आहे आणि त्यावरून एअरलाइन्स कोर्टात गेल्यात. एवढ्याशा नोंदीवर इतकी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. बरीचशी पत्रं ज्यांची मुलंबाळं तिकडं मास्टर्सला, नर्सिंगला किंवा आयटीत आहेत अशा घरांतून आलीत, सगळी छापणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न (सातारा): डब्लिनला दोन टर्मिनल आहेत, नवीन रनवे पण झाला असं मुलगा सांगतो. मग प्रवाशांवर मर्यादा कशाला? जागा कमी पडते का?

जागेचा प्रश्नच नाहीये काका. ही अट विमानांमुळं आलेली नाही, ती रस्त्यांमुळं आलीय, आणि हे कळलं की पुढचं सगळं भांडण कळतं.

झालं असं की २००७ मध्ये टर्मिनल २ ला परवानगी देताना तिथल्या नियोजन अपील मंडळानं, म्हणजे अन बोर्ड प्लानालानं, अट घातली की दोन्ही टर्मिनल मिळून वर्षाला ३ कोटी २० लाखांच्या वर प्रवासी जायचे नाहीत. का, तर विमानतळाकडं येणारे रस्ते एवढी गर्दी झेपवणार नाहीत. त्या वेळी तो आकडा कुणालाच जवळचा वाटत नव्हता, त्यात २००८ ची मंदी आली, टर्मिनल २ उघडलं २०१० च्या नोव्हेंबरात तेव्हा देश पार कर्जात, प्रवासी उलट घटलेले. अट फायलीत पडून राहिली. २०१९ ला प्रवासी ३ कोटी २९ लाखांपर्यंत गेले, लगेच कोविड आला आणि विषय परत मागं पडला. मग २०२२ च्या ऑगस्टमध्ये नॉर्थ रनवे सुरू झाला, ३.१ किलोमीटरचा, ३२ कोटी युरो खर्चून, २०२४ ला प्रवासी पोचले ३ कोटी ४६ लाखांच्या आसपास आणि ती जुनी अट एकदम सगळ्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

आता अट पाळायची कशी? विमानतळ चालवणारी सरकारी कंपनी आहे डीएए, तिनं २०२३ च्या डिसेंबरात मर्यादा ४ कोटी करा म्हणून विमानतळ ज्या हद्दीत येतो त्या फिंगल काउंटी कौन्सिलकडं अर्ज टाकला. तिकडं आयरिश एव्हिएशन ऑथॉरिटीनं स्लॉट, म्हणजे विमानं उतरायच्या-उडायच्या ठरावीक वेळा, वाटताना हीच अट धरून सीटांवर मर्यादा घातली, २०२५ च्या उन्हाळी मोसमाला २ कोटी ५२ लाख सीट. त्यावर रायनएअर, एअर लिंगस या आयरिश कंपन्या आणि अमेरिकन एअरलाइन्सची संघटना हायकोर्टात गेल्या, कोर्टानं २०२४ च्या नोव्हेंबरात त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि पुढच्या महिन्यात मुद्दा युरोपियन युनियनच्या कोर्टाकडं पाठवला. एअरलाइन्सचं म्हणणं असं की पूर्वी वापरलेल्या स्लॉटवर आमचा हक्क आहे, युरोपचा नियमच आहे की मिळालेल्या स्लॉटपैकी ८० टक्के वापरले तर पुढच्या वर्षी ते तुमचेच, मग गावातल्या रस्त्यांच्या अटीवरून ते काढून कसे घेणार? २०२५ च्या जानेवारीत आलेल्या सरकारनं तर आपल्या कार्यक्रमातच लिहिलं की ही मर्यादा काढणार.

माझं मत स्पष्ट सांगतो. रस्त्यांची अडचण असेल तर ती रस्ते, बस आणि रेल्वेनं सोडवावी. एवढ्या मोठ्या विमानतळाला आजही रेल्वे नाही, सगळे बस, टॅक्सी नाहीतर स्वतःच्या गाडीनं येतात, आणि शिक्षा मात्र विमानाच्या सीटांना. पण याचा अर्थ आजूबाजूला राहणाऱ्यांचं म्हणणं खोटं असा अजिबात नाही. सेंट मार्गारेट्स भागातले लोक नवीन रनवेच्या आवाजानं खरंच हैराण आहेत, त्या रनवेच्या परवानगीत रात्री ११ ते सकाळी ७ विमानं नकोत असं लिहिलं होतं आणि रात्रीच्या एकूण फेऱ्यांवर सरासरी ६५ ची मर्यादा होती, लोकांनी त्या शब्दावर विश्वास ठेवला. तो आवाजाचा प्रश्न आवाज म्हणूनच मोजावा, रात्रीची झोप म्हणूनच बघावा. ३ कोटी २० लाखांचा आकडा पाळला म्हणून पहाटे साडेपाचचं विमान शांत होत नाही.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): माझी भाची डब्लिनहून लंडनला जेवणाच्या बिलापेक्षा कमी पैशात जाऊन आली. रायनएअरला हे परवडतं कसं?

ताई, ती ज्या मार्गानं गेली तो युरोपातल्या सगळ्यात गजबजलेल्या मार्गांपैकी एक आहे, मध्ये समुद्र असल्यानं रेल्वेचा पर्याय नाही, आणि लंडनच्या हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्युटन, सिटी अशा पाच-पाच विमानतळांवर डब्लिनची विमानं उतरतात. पण १९८५ पर्यंत हे भाडं सामान्य माणसाला झेपणारं नव्हतं. एअर लिंगस सरकारी, समोर ब्रिटिश एअरवेज, दोघांचे दर जवळपास सारखे, त्यामुळं इंग्लंडात मजुरीला गेलेली आयरिश मंडळी बोट आणि ट्रेननं रात्रभर प्रवास करून घरी यायची. रायनएअर सुरू झाली १९८५ ला वॉटरफर्डहून गॅटविकला, १५ सीटांच्या छोट्या विमानानं, आणि १९८६ ला डब्लिन-ल्युटन सुरू केलं ते चालू भाड्याच्या जवळपास निम्म्यात. तिथून खरी चुरस लागली.

मग गंमत बघा, चुरस इतकी झाली की रायनएअर तोट्यात गेली आणि १९८९ ला सरकारनंच मध्ये पडून मार्ग वाटून दिले, स्टॅनस्टेडसारखे मार्ग रायनएअरला, हीथ्रो एअर लिंगसला, एकमेकांच्या वाटेत यायचं नाही. त्या संरक्षणानं रायनएअर जगली हे आज कुणी फारसं बोलत नाही. मायकल ओ'लिअरी १९९४ ला रायनएअरचे प्रमुख झाले त्याच्या आधीची ही गोष्ट.

आता स्वस्त कसं, तर विमान जमिनीवर उभं राहू द्यायचं नाही, हे पहिलं. डब्लिनच्या टर्मिनल १ ला पियर १ आहे, १०० नंबरची गेटं, तिथं काचेतून नुसतं बघत उभं राहिलं तरी समजतं. विमान थांबतं, पुढच्या दाराखालून विमानाचाच जिना बाहेर सरकतो, म्हणजे टर्मिनलला जोडणाऱ्या एअरोब्रिजचं भाडं नको, मागच्या दाराला दुसरा जिना लावतात, दोन्हीकडून माणसं उतरतात, सीटमागं खिसेच नाहीत त्यामुळं त्यात कचरा राहत नाही, सुरक्षेच्या सूचना सीटच्या पाठीवरच चिकटवलेल्या, केबिन क्रू स्वतःच पटापट आवरतात आणि नवीन प्रवासी तोवर खाली रांगेत उभे केलेलेच असतात. २५ मिनिटांत विमान परत निघायला तयार, हा त्यांचा हिशोब. दिवसाला एकेका विमानाच्या दोन फेऱ्या जास्त झाल्या की तिकीट आपोआप खाली येतं. सगळी विमानं बोइंग ७३७ च्या घराण्यातली ठेवायची (माल्टातल्या उपकंपनीकडची लीजवरची एअरबस सोडली तर), बॅगेचे, सीट निवडीचे पैसे वेगळे, आणि विमानतळाशी सौदा करताना सरळ सांगायचं की चार्जेस कमी करा नाहीतर आमची विमानं दुसऱ्या देशात हलवतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. विमान ही हलवता येणारी गोष्ट आहे, विमानतळ नाही, त्यामुळं सौद्यात कुणाचा हात वर असतो ते उघड आहे.

म्हणून मला एअर लिंगस टिकली याचं बरं वाटतं. रायनएअरनं २००६ पासून तीनदा तिला विकत घ्यायचा प्रयत्न केला, युरोपियन कमिशननं २००७ ला आणि २०१३ ला सरळ नकार दिला, दुसऱ्या वेळी तर ४६ मार्गांवर प्रवाशांचं नुकसान होईल असं नोंदवलं. शेवटी २०१५ ला एअर लिंगस गेली आयएजी ग्रुपकडं, म्हणजे ब्रिटिश एअरवेजच्या घरात. तुमच्या भाचीला स्वस्त तिकीट मिळतं कारण दोन कंपन्या आहेत, एक असती तर मिळालं नसतं.

प्रश्न (पुणे): डब्लिन भरून वाहतंय तर शॅनन, कॉर्क, नॉक इथं विमानं का वळवत नाहीत? मुलगी लिमरिकला असते, तिला दर वेळी बसनं डब्लिन गाठावं लागतं.

हा प्रश्न आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा प्रत्येक माणूस विचारतो आणि त्यात दुखरी नस आहे. देशातले ८० टक्क्यांहून जास्त प्रवासी एकट्या डब्लिनमधून जातात. शॅननला साधारण २० लाख, कॉर्कला ३० लाख, नॉकला ८ लाखांच्या आसपास. आणि शॅननचा रनवे आयर्लंडमधला सगळ्यात लांब आहे!

शॅननचा थाट एकेकाळी वेगळाच होता. अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांना इंधन भरायला युरोपच्या टोकाचा पहिला मुक्काम तोच. जगातलं पहिलं ड्यूटी-फ्री दुकान १९४७ ला तिथं निघालं, ब्रेंडन ओ'रेगन यांच्या कल्पनेतून, आणि १९५९ ला विमानतळाशेजारी करमुक्त औद्योगिक क्षेत्र निघालं. नंतर जेट विमानं थेट न्यूयॉर्क गाठायला लागली, शॅननची गरजच उरली नाही, तर सरकारनं सक्ती केली की आयर्लंड-अमेरिका विमानांनी शॅननला थांबायचंच. डब्लिनवाले वैतागायचे, शॅननच्या आसपासच्या क्लेअर-लिमरिकवाल्यांची पोटं त्यावर होती. १९९० च्या दशकात ती सक्ती ढिली केली आणि दोन्हीकडच्या विमानांना मोकळीक देणारा युरोप-अमेरिका ओपन स्काइज करार लागू झाला तेव्हा, २००८ ला, ती संपली.

त्याच सुमाराला दुसरा घाव बसला. २००७ च्या ऑगस्टमध्ये एअर लिंगसनं जाहीर केलं की शॅनन-हीथ्रो बंद, ते चारही रोजचे स्लॉट बेलफास्टला. हीथ्रोचा स्लॉट म्हणजे सोनं, तो हलवला की शॅननचा हीथ्रोमार्गे सगळ्या जगाशी असलेला संबंधच तुटला, भारताशीपण. लोक रस्त्यावर आले, उद्योगवाले आले, सरकारकडं तेव्हा कंपनीचे चतुर्थांश शेअर होते तरी सरकारनं हात वर केले. सेवा २००९ ला परत सुरू झाली. पण तेव्हापासून हीथ्रोचे स्लॉट हा तिथं राजकारणाचा विषय झाला तो झालाच, आयएजीला कंपनी विकताना सरकारनं आधी स्लॉट राखण्याची हमी लिहून घेतली.

विमानं वळवायची म्हणाल तर तसा हुकूम सरकारला काढता येत नाही. युरोपात कुठून कुठं उडायचं ते एअरलाइन ठरवते. विमानतळ एवढंच करू शकतो की नवीन मार्गाला पहिली काही वर्षं चार्जेसमध्ये सूट द्यायची, आणि ती सूट संपली की बरेचदा विमानपण जातं. कॉर्कहून २०१७ ला नॉर्वेजियननं अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला थेट विमान सुरू केलं होतं, कॉर्कचा रनवे आखूड, ७३७ सारखं छोटं विमान म्हणून जमलं, लोकांना केवढं कौतुक, २०१९ ला बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानांना उडायला बंदी आली आणि नॉर्वेजियननं आयर्लंडचा सगळा अटलांटिकचा धंदाच गुंडाळला.

नॉकची गोष्ट मात्र आशेची आहे. मेयो काउंटीतल्या त्या तीर्थक्षेत्री मॉन्सिन्योर जेम्स होरान नावाचे धर्मगुरू होते, डोंगरावर धुकं आणि पायाखाली दलदल अशा जागी विमानतळ हवा म्हणून हट्टाला पेटले, सरकारनं मध्येच पैसे थांबवले तर वर्गणी गोळा केली, आणि ३० मे १९८६ ला तो उघडला. दोन महिन्यांत त्यांचं निधन झालं. आज इंग्लंडात राहणारी मेयोची माणसं त्या विमानतळावरून आईबापांना भेटायला येतात, तो फायद्याचा आहे का असं विचारणाऱ्यांना मला हेच सांगावंसं वाटतं. तुमच्या मुलीला मात्र सांगा, शॅननहून हीथ्रोमार्गे मुंबईचं भाडं दर वेळी तपासायचं, पण ब्रिटनच्या ट्रान्झिट व्हिसाचा नियम आधी बघूनच.

प्रश्न (नांदेड): आमच्याकडं उडान योजनेत २०१७ ला हैदराबादचं विमान सुरू झालं. तसं सबसिडीवालं तिकडं काही असतं का?

असतं, त्याला पीएसओ म्हणतात, सार्वजनिक सेवेचं बंधन. जिथं धंदा म्हणून परवडत नाही पण गरज आहे असा मार्ग सरकार टेंडर काढून एका कंपनीला देतं आणि तूट भरून देतं. डोनेगल हा वायव्येचा कोपरा, तिथं रेल्वेच नाही, त्यामुळं डोनेगल-डब्लिन तसंच चालतं, कॅन्सरच्या उपचाराला डब्लिनला जाणाऱ्या पेशंटना त्याचा केवढा आधार आहे. डोनेगल आणि केरी हे दोन्ही मार्ग स्टोबार्ट एअर चालवायची, ती २०२१ च्या जूनमध्ये एका रात्रीत बंद पडली. तेव्हा केरी-डब्लिन रायनएअरनं सबसिडीशिवाय उचललं. सरकारचे पैसे वाचले हे खरं, पण ७० सीटांच्या एटीआर या पंख्याच्या विमानाच्या जागी १८९ सीटांचं जेट आलं, आणि उद्या ते परवडलं नाही तर थांबवायला त्यांना कुणाची परवानगी लागणार नाही.

प्रश्न (ठाणे): मुंबईहून डब्लिनला थेट विमान का नाही?

कारण आखाती कंपन्यांनी तो प्रवासी केव्हाच आपल्याकडं ओढलाय. एतिहाद डब्लिनला २००७ पासून आहे, एमिरेट्स २०१२ पासून, कतार एअरवेज २०१७ पासून, आणि या तिघी मुंबईबरोबर कोची, हैदराबाद, चेन्नईचेपण प्रवासी एकाच विमानात भरतात. थेट विमानाला फक्त मुंबई-डब्लिनवर भरावं लागेल. ५० लाखांच्या थोड्या वर लोकसंख्येच्या देशाला ते जड आहे.

प्रश्न (नाशिक): सुनेच्या व्हिसाच्या मुलाखतीवेळी ऐकलं की डब्लिनमार्गे अमेरिकेला गेलं की तिकडं इमिग्रेशन लागत नाही, खरं का?

लागतं, फक्त डब्लिनलाच लागतं. टर्मिनल २ मध्ये अमेरिकेचे अधिकारी बसतात, पासपोर्ट, बोटांचे ठसे, सामानाची चौकशी सगळं तिथंच, मग बोस्टनला उतरलं की देशांतर्गत प्रवाशासारखं थेट बॅग घेऊन बाहेर. शॅननला इमिग्रेशनची ही सोय १९८६ पासून आहे. त्यातून एक फायदा असा की अधिकाऱ्यानं अडवलं तरी माणूस अजून आयर्लंडमध्येच असतो. फक्त दोन विमानांमध्ये वेळ भरपूर ठेवा, सकाळी सगळी अमेरिकेची विमानं जवळजवळ एकाच वेळी सुटतात. एअर लिंगसचा सगळा भर आता यावरच आहे, युरोपातून प्रवासी आणायचे आणि नॅशव्हिल, इंडियानापोलिससारख्या शहरांत लांब पल्ल्याच्या छोट्या एअरबसनं सोडायचे.

प्रश्न (कोल्हापूर): आम्ही दोघं मुलाकडं डब्लिनला गेलो, त्यानं आमची बार्सिलोनाची स्वस्त तिकिटं काढली आणि विमानतळावर आम्हाला बसू दिलं नाही. आयर्लंडचा व्हिसा होता. पैसे परत मिळतील?

वाचून फार वाईट वाटलं काकू, उतारवयात असं काउंटरवर थांबवलं की काय होतं ते समजतं. पण पैसे मिळायची आशा धरू नका. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे पण एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या शेंगेन गटात नाही, त्यामुळं आयर्लंडच्या व्हिसावर स्पेन, फ्रान्स, इटली काहीच चालत नाही, शेंगेन व्हिसा वेगळाच काढावा लागतो. तिथं राहणाऱ्या मुलांच्या आयआरपी कार्डालाही, म्हणजे आयर्लंडच्या रहिवासी परवान्यालाही, तेच लागू. आणि युरोपाबाहेरच्या पासपोर्टवर रायनएअरसारख्या कंपनीनं जाताना सिक्युरिटीच्या आधी काउंटरवर कागदपत्रं तपासून घ्यायची असतात, ते राहिलं तर व्हिसा असूनही गेटवर अडकायला होतं. विमान कंपनीच्या चुकीनं रद्द झालं किंवा तीन तासांच्या वर उशीर झाला तर मात्र युरोपचा नियम तुमच्या बाजूनं आहे, अंतराप्रमाणं २५० ते ६०० युरो भरपाई, तुमचा पासपोर्ट कुठलाही असो. उत्तर आयर्लंडला जायचं असेल तर तेही ध्यानात ठेवा, बेलफास्ट हे ब्रिटन आहे.

प्रश्न (मालवण): लिओ वराडकर आमच्या वराडचे. त्यांचा ह्या विमानांशी काय संबंध आला काय?

आला तर, आणि चांगलाच! आयर्लंडचे पंतप्रधान ते २०१७ ला झाले, त्याच्या आधी २०११ ते २०१४ ते वाहतूक, पर्यटन आणि क्रीडा मंत्री होते. २०१२ च्या शेवटी शॅनन विमानतळ डीएएपासून वेगळा केला तो त्यांच्याच काळात, म्हणजे शॅननचे निर्णय डब्लिनच्या ऑफिसात होणं थांबलं. दुसरं म्हणजे विमान प्रवासावरचा कर. मंदीत २००९ ला माणशी १० युरो कर लावला होता, २०११ ला तो ३ युरोवर आणला आणि १ एप्रिल २०१४ पासून शून्य केला. शेजारी उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनचा कर चालू, त्यामुळं बेलफास्टची माणसं बस पकडून दोन तासांत डब्लिन विमानतळ गाठायला लागली आणि अजून गाठतात. डब्लिनच्या त्या गर्दीत आणि ३ कोटी २० लाखांच्या वादात या निर्णयाचाही वाटा आहे. वडील डॉक्टर अशोक वराडकर मूळचे तुमच्याकडचे, २०१९ च्या डिसेंबरात लिओ स्वतः वराडला येऊन गेले हे तुम्ही पाहिलंच असेल.

प्रश्न (मुंबई): गो फर्स्ट बंद पडली तेव्हा बातम्यांत सारख्या आयरिश कंपन्या यायच्या. त्यांचा काय संबंध?

विमानंच त्यांची होती. जगभरातल्या एअरलाइन्स जी विमानं भाड्यानं घेतात त्यातली खूप मोठी संख्या आयर्लंडमधल्या लीजिंग कंपन्यांकडची असते, जगातली सगळ्यात मोठी एअरकॅप डब्लिनचीच. हे बीज पेरलं शॅननला, १९७५ ला, गिनेस पीट एव्हिएशन नावाच्या कंपनीत, आणि ती उभी करणारे टोनी रायन हेच पुढं रायनएअरचे संस्थापक.

२०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्टनं दिवाळखोरीचा अर्ज केला, दिवाळखोरीची प्रकरणं बघणाऱ्या ट्रिब्युनलनं वसुलीला स्थगिती दिली आणि मालकांना स्वतःची विमानं परत नेता येईनात, मुंबई-दिल्लीत वर्षभर ती उभी राहिली. दिल्ली हायकोर्टानं २०२४ च्या एप्रिलमध्ये नोंदणी रद्द करायचा आदेश दिला तेव्हा ती सुटली. तोपर्यंत आपल्या बाकीच्या एअरलाइन्सनाही विमानं महाग पडायची भीती उभी राहिली, कारण परत न मिळण्याची जोखीम मालक भाड्यात धरतोच. म्हणून २०२५ ला आपल्या संसदेनं केपटाउन कराराला, म्हणजे विमानाच्या मालकांचे हक्क जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराला, धरून वेगळा कायदा केला. तुम्ही इथं मुंबई-नागपूरचं तिकीट काढता त्यातला काही हिस्सा त्या भाड्याच्या रूपानं डब्लिनला जातो, एवढा जवळचा संबंध आहे.